पिवळ्याचं गुलाबी

मंगळवारी दुपारी नारायणराव धम्मशीलाच्या खामगावातल्या स्टुडिओत आले, ते कॅरीबॅगेत गुंडाळलेलं एक छोटं यंत्र घेऊन. खामगावातच त्यांची कलर लॅब होती. आसपासच्या तालुक्यांतले पंधरा-वीस फोटोग्राफर आपले अल्बम त्यांच्याकडे छापायला देत. त्यांत धम्मशीला इंगळे ही एकटीच बाई. लग्नं, साखरपुडे ती करायचीच, पण दोन वर्षांपासून तिचं नाव झालं होतं ते तान्ह्या बाळांच्या फोटोंमुळे. टोपलीत झोपलेली, लोकरीची टोपी घातलेली बाळं. असे फोटो आधी अकोल्याला जाऊन काढावे लागत.

तिची एकच तक्रार वर्षभर चालू होती. स्क्रीनवर सुंदर दिसणारे फोटो छापून आले की काळपट आणि पिवळट दिसत. ती नारायणरावांच्या मशीनला दोष द्यायची, नारायणराव तिच्या स्क्रीनला. शेवटी ते स्वतःच आले.

"तुह्या स्क्रीनमध्ये निळा जास्त आहे बेटा," खुर्ची ओढत ते म्हणाले. "त्याच्यानं तुले पिवळं दिसतच नाही. दिसत नाही म्हणून तू ते काढत नाही. मंग माह्या मशीनवर ते सगळं छापून येते."

त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, ट्यूबलाइट बंद केली. माउसएवढं ते यंत्र वायरनं स्क्रीनच्या मधोमध लटकवलं. स्क्रीनवर एकामागून एक रंगाचे चौकोन येऊ लागले. लाल, हिरवा, निळा, मग राखाडीच्या किती तरी छटा. यंत्र प्रत्येक रंग मोजत होतं. दहा-बारा मिनिटांनी ते संपलं, आणि स्क्रीनचा पांढरा रंग एकदम जुन्या वहीच्या पानासारखा झाला.

"काका, हे तर पिवळं दिसून राह्यलं."

"दिसनच. इतके वर्षं तू निळं पाह्यलं. दोन-चार दिवस असं वाटन, मंग डोळ्याले सवय होईन. पण आजपासून इथं जे दिसन ते खरं समजजो."

जाताना त्यांनी तिला पोस्टकार्डाएवढं राखाडी कार्ड दिलं. पहिल्या फोटोत हे कार्ड ठेवायचं, नंतर कॉम्प्युटरवर त्या कार्डावर क्लिक करायचं, म्हणजे खोलीतल्या उजेडाचा रंग निघून जातो आणि वस्तूचा स्वतःचा रंग उरतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. धम्मशीलाला हे ऐकून माहीत होतं. वापरलं कधी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटीवर सगळं सामान बांधून उंद्रीला गेली. वैष्णवी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सासर संग्रामपूरचं. मुलगा झाला होता, आज पाचवा दिवस. चिखलीच्या दवाखान्यातून सोमवारी घरी सोडलं होतं. बारशाच्या फलकावर बाळाचा फोटो हवा म्हणून तिनं धम्मशीलाला बोलावलं होतं.

खोलीला नुकताच आंब्यासारखा पिवळा ऑइलपेंट दिला होता. वैष्णवीच्या आईनं, अन्नपूर्णाबाईनं, घरच्या शेतातला कापूस सरकी काढून, पिंजून ठेवला होता. तो टोपलीत पसरला आणि वर बाळाला झोपवलं. बाळ इतकं गाढ झोपलं होतं की टोपी घातली, हात गालाखाली ठेवले, तरी हललं नाही.

"असं शहाणं बाळ मी पाह्यलंच नाही," धम्मशीला म्हणाली. "नाही तर एकेका फोटोले तास-तास लागते."

"झोपतेच लय ते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "प्यायले उठवा लागते."

धम्मशीलानं पहिल्या फोटोत बाळाशेजारी ते राखाडी कार्ड ठेवलं. मग कार्ड काढून पुढचे फोटो घेऊ लागली. वैष्णवी पलंगावर टेकून बघत होती. मध्येच तिनं विचारलं, "ताई, तुम्हाले बाळ पिवळं वाटते का हो?"

धम्मशीलानं कॅमेऱ्यातून डोळा काढून बाळाकडं पाहिलं. वाटत होतं थोडं. पण भिंत पिवळी होती, खिडकीतून येणारं ऊन त्या भिंतीवर आपटून बाळावर पडत होतं.

"भिंतीचा रंग पडते तो," ती म्हणाली. "फोटोत मी नीट करून देतो. काळजी नका करू."

हे बोलताना तिला खरंच तसं वाटत होतं. पुढं कितीही वेळा आठवलं तरी एवढ्या वाक्याबद्दल तिला स्वतःला माफ करता येत होतं.

गुरुवारी सकाळी मुलीला, अपेक्षाला, शाळेत सोडून ती स्टुडिओत आली आणि फोटो उघडून बसली. पहिल्या फोटोतल्या कार्डावर क्लिक केलं. क्षणात फोटोचा रंग बदलला. कार्ड स्वच्छ राखाडी झालं. कापूस पांढरा झाला, शेतात असतो तसा पांढरा. भिंतीची झाक गेली. बाळ मात्र पिवळंच राहिलं. कपाळ, गाल, छाती, पोटापर्यंत. लोकरीच्या पांढऱ्या टोपीच्या कडेला तर ते कपाळ हळद लावल्यासारखं दिसत होतं.

आधी तिला वाटलं, स्क्रीनची सवय नाही म्हणून. नारायणरावांनी सांगितलंच होतं. मग तिनं मागच्या महिन्यात काढलेल्या एका बाळाचा न सुधारलेला फोटो शेजारी उघडला. त्याच स्क्रीनवर ते बाळ गुलाबी होतं. तिनं पुन्हा कापसाकडं पाहिलं. स्क्रीन पिवळी असती तर कापूसही पिवळा दिसला असता.

म्हणजे तिला कळलं होतं. मिनिटभर ती माउसवर हात ठेवून तशीच बसली. फोन टेबलावर होता. वैष्णवीला एवढंच सांगायचं होतं, की बाळाला डॉक्टरला दाखवून घ्या.

पण मनात दुसरं काही येत गेलं. तीन दिवसांपूर्वीच दवाखान्यातून सोडलंय. डॉक्टरांनी पाहिलंच असेल. घरात मोठी माणसं आहेत. बारा दिवसांच्या आत बाळाला काही झालंय असं बाहेरच्या बाईनं सांगितलं तर त्या घरात कसं वाटेल. मागं मलकापूरच्या एका कुटुंबानं, आमचं लेकरू तू काळं काढलंस, म्हणून तिच्याशी केवढं भांडण केलं होतं. शिवाय संध्याकाळी एका लग्नाचे चारशे फोटो निवडून द्यायचे होते.

बाळांच्या फोटोंसाठी तिनं स्वतः एक सेटिंग बनवून ठेवलं होतं, त्यात पिवळा कमी होऊन लाल वाढायचा. ते लावलं तर कापूसही गुलाबी झाला. तेव्हा तिनं फक्त बाळाच्या कातडीवरून ब्रश फिरवला. कपाळ, गाल, कानाच्या पाळ्या, छाती, बोटं. मन लावून केलं. पांढऱ्या कापसावर गुलाबी बाळ, असा फोटो तिनं आजवर काढला नव्हता. खाली कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकलं आणि अकरा वाजता आठ फोटो वैष्णवीला पाठवले.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "खूपच सुंदर ताई. आई म्हणते, बघ, पिवळं कुठं आहे."

धम्मशीलानं ते वाचलं. दोनदा वाचलं. आणि खाली एक लाल बदाम पाठवला.

शुक्रवार लग्नात गेला. शनिवारी दुपारी फलकासाठी कोणता फोटो घ्यायचा हे विचारायला तिनं वैष्णवीला फोन केला, तर तो अन्नपूर्णाबाईनं उचलला. मागं माणसांचा गलका होता.

"आम्ही इथंच हाओ, खामगावले," त्या म्हणाल्या. "बाळाले भरती केलं सकाळी. कावीळ म्हनते. पीत नव्हतं, रडत बी नव्हतं. नुसतं झोपून राह्यलं होतं."

त्यांनी दवाखान्याचं नाव सांगितलं. स्टुडिओपासून दोन गल्ल्या सोडून. धम्मशीला चालत गेली.

वरच्या मजल्यावर काचेच्या पलीकडं ते बाळ कावीळ उतरवायच्या निळ्या उजेडात उघडं ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी. शेजारी वैष्णवी बसली होती. बाहेरच्या बाकावर अन्नपूर्णाबाई होत्या. वैष्णवीचा नवरा हरिओम आणि त्याची आई संग्रामपूरहून आले होते. ते औषधं आणायला खाली गेले होते. भिंतीला टेकून एक पन्नाशीची बाई उभी होती, तिच्या हातात मोबाइल होता.

"ही माह्यी बहीण, सिंधू," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "वाशिमकडं नर्स आहे. सकाळीच गाडी करून आली."

"किती आहे कावीळ?" धम्मशीलानं विचारलं.

"चोवीस," सिंधूताई म्हणाल्या. "वीसच्या वर गेली की धोका. आईचा अन् बाळाचा रक्तगट जुळत नाही. संध्याकाळपर्यंत उतरलं नाही तर अकोल्याले नेऊन रक्त बदला लागन. चढलेली कावीळ डोक्यात गेली तर ऐकू येणं बी जाते. हे मी दुसऱ्या बायाईले सांगत असतो." मग धम्मशीला कोण हे माहीत नसल्यानं मोकळेपणानं बोलत राहिल्या. "पोरीनं मले गुरुवारी फोन केला होता. म्हने, मावशी, पिवळं वाटते. मी ड्यूटीवर होती. म्हटलं, फोटो पाठव. तिनं पाठवले. मी पाह्यले अन् सांगितलं, काही नाही, चांगलं गुलाबी आहे, अंगावर पाजत राह्य. अठ्ठावीस वर्षं झाली मले वॉर्डात."

त्यांनी मोबाइल पुढं केला. पांढऱ्या कापसावर झोपलेलं गुलाबी बाळ. खालच्या कोपऱ्यात धम्मशीलाच्या स्टुडिओचं नाव.

"हिनंच काढले ते फोटो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "फोटोवाली ताई आहे ही."

"चांगले काढले," सिंधूताई म्हणाल्या.

धम्मशीलाला बोलायचं होतं, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात जिना चढून हरिओमची आई आली आणि सिंधूताईंकडं पाहत मोठ्यानं म्हणाली, "घरात नर्स असून लेकराची ही गत. दोन दिवस काऊन थांबले म्हनून डॉक्टर विचारून राह्यले. काय सांगावं आम्ही त्याईले?"

सिंधूताईंनी मान खाली घातली. धम्मशीला म्हणाली, "मी येतो," आणि जिना उतरून आली.

त्या रात्री कावीळ वीसवर आली आणि रविवारी संध्याकाळी सोळावर. रक्त बदलायची वेळ आली नाही. हे तिला अन्नपूर्णाबाईंनी फोनवर सांगितलं. धम्मशीलानं फोन ठेवला, अंगणात खेळणाऱ्या अपेक्षाला हाक मारली आणि उन्हात उभं करून तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला.

"काय झालं मम्मी?"

"काही नाही. जा."

सोमवारी ती पेनड्राइव्ह घेऊन नारायणरावांच्या लॅबमध्ये गेली. कार्डावर क्लिक करून भिंतीची झाक काढलेला, बाकी काहीच न बदललेला तो पहिला फोटो, कार्डासकट, तिनं छापायला सांगितला. प्रिंट आली तशी नारायणरावांनी ती दारातल्या उन्हात नेऊन पाहिली.

"हे लेकरू आजारी आहे," ते म्हणाले.

"हाव. स्क्रीनवर मले असंच दिसलं होतं."

"मंग स्क्रीन बरोबर आहे."

"तेच विचारायले आली होती." मग तिनं त्यांना सगळं सांगितलं. कापूस, ब्रश, बदाम, सिंधूताई.

नारायणराव स्टुलावर बसले. ते म्हणाले, "बेटा, चाळीस वर्षं झाली मले या धंद्यात. लोक म्हणते गोरं करा, आपण करतो. सुरकुत्या काढा म्हणते, काढतो. तू काही वेगळं नाही केलं. बाळ आता बरं होऊन राह्यलं ना? मंग कोनाले काही सांगू नको. धंदा बसन तुहा. तुले वाटते का, कोनी समजून घेईन?"

"समजून नाही घेणार."

"मंग?"

"काका, मले कोनी सांगितलं नव्हतं गुलाबी करा म्हनून. उलट तिनं मले विचारलं होतं, पिवळं आहे का. अन् मले माहीत झालं होतं. त्या नर्सबाईले वाटते तिचे डोळे गेले. तिचे डोळे चांगले आहेत."

नारायणरावांनी प्रिंट पाकिटात घातली आणि तिच्या हातात दिली.

पाकीट धम्मशीलाच्या पर्समध्ये दहा दिवस राहिलं. रोज सकाळी ती ठरवायची, आज उंद्रीला जाऊन सांगायचं. रोज काही तरी निघायचं, आणि ते निघावं असंच तिला वाटायचं. बाळ घरी गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तीन महिन्यांनी अकोल्याला कानाची तपासणी करायची, तोवर काही सांगता येत नाही. हे कळल्यावर तिनं ते न सांगण्याचंही एक कारण करून टाकलं. तपासणी होऊ दे, मग बघू.

एकविसाव्या दिवशी बारसं ठरलं. अन्नपूर्णाबाईंनी तिलाच फोटोला बोलावलं. फलकावर कुठला फोटो घ्यायचा हे विचारायचं राहूनच गेलं होतं. हरिओमनं चिखलीत परस्पर फलक छापून आणला होता. धम्मशीला उंद्रीत पोचली तर मांडवाच्या तोंडाशीच तो लावलेला. कापसावरचं ते बाळ, माणसाएवढं मोठं. येणारी माणसं थांबून पाहत होती, काही जण पुढं उभे राहून मोबाइलवर फोटो घेत होते.

पाळणा सजला होता. वैष्णवी हिरवं लुगडं नेसून बसली होती, चेहरा उतरलेला पण हसरा. बाळाचं नाव प्रज्वल ठेवलं. गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या गेल्या. धम्मशीला फोटो काढत राहिली. कॅमेऱ्यातून ती सिंधूताईंना शोधत होती. त्या पाळण्यापाशी आल्याच नाहीत. मागच्या पडवीत बायकांना पानं वाढत होत्या. कोणी तरी बाळ त्यांच्याकडं द्यायला गेलं तर, "माह्ये हात खरकटे आहेत," म्हणून त्यांनी घेतलं नाही. ओट्यावर हरिओमची आई एका पाहुणीला सांगत होती की मावशी नर्स आहे म्हणून सगळे निर्धास्त राहिले, नाही तर गुरुवारीच दवाखान्यात नेलं असतं.

धम्मशीलानं कॅमेरा गळ्यातून काढला. पडवीत जाऊन ती सिंधूताईंना म्हणाली, "ताई, एक मिनिट आत येता का? वैष्णवीताईले पण घेऊन या."

तीच ती पिवळ्या भिंतींची खोली. वैष्णवी बाळाला घेऊन पलंगावर बसली. सिंधूताई दाराशी उभ्या राहिल्या. धम्मशीलानं पाकिटातला फोटो काढून पलंगावर ठेवला.

"त्या दिवशी कॅमेऱ्यात बाळ असं आलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाले पाठवलं ते मी बनवलेलं होतं. भिंतीचा रंग नव्हता तो. भिंतीचा रंग काढल्यावरही बाळ पिवळंच होतं. हे मले गुरुवारी सकाळी दिसलं. मले समजलं होतं. तरी मी त्याच्यावर गुलाबी रंग केला अन् तुम्हाले पाठवला."

सिंधूताईंनी फोटो उचलला, खिडकीपाशी नेला.

"हे पाठवलं असतं तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कावीळ पोटापर्यंत उतरली आहे. हे तर आमच्या शिकाऊ पोरीले बी समजन."

वैष्णवी फोटोकडं पाहतच नव्हती. ती धम्मशीलाकडं पाहत होती.

"मी तुम्हाले विचारलं होतं ताई."

"हाव."

"मले तर वाटलं माह्याच डोळ्यात काही आहे. आई म्हने तुले उगाच शंका येते. मावशी म्हने ठीक आहे. फोटोत बी ठीक. मी म्हटलं, मंग मीच येडी." तिचा आवाज चढला नाही. "मी तुम्हाले लिहिलं बी होतं, पिवळं कुठं आहे म्हनून. तुम्ही काय पाठवलं?"

धम्मशीला हातातलं रिकामं पाकीट दुमडत राहिली.

"बदाम पाठवला," वैष्णवी म्हणाली आणि तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

सिंधूताईंनी फोटो पदराआड धरला. "हे बाहेर सांगशील का? हरिओमच्या आईसमोर?"

"सांगतो."

ओट्यावर तिनं सगळं पुन्हा सांगितलं, हरिओम, त्याची आई, अन्नपूर्णाबाई आणि जे कोणी तिथं बसले होते त्यांच्यासमोर. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही. हरिओमच्या आईला आधी नीट समजलंच नाही, मग समजलं तेव्हा ती बरंच बोलली. धम्मशीलानं ते ऐकून घेतलं. अन्नपूर्णाबाई एकच म्हणाल्या, "माह्या घरचा कापूस होता तो, मी स्वतः पिंजला होता," आणि रडायला लागल्या. हरिओम उठला, मांडवाच्या तोंडाशी गेला आणि फलकाच्या दोऱ्या सोडू लागला. एक गाठ सुटेना तेव्हा त्यानं ती दातानं सोडवली. फलक गुंडाळून भिंतीशी ठेवला आणि वर न पाहता म्हणाला, "ताई, तुम्ही निघा आता."

ती सामान बांधत होती तेव्हा सिंधूताई स्कूटीपाशी आल्या.

"मले हलकं वाटलं असं समजू नको," त्या म्हणाल्या. "मी व्हिडिओ कॉल करू शकत होती. डोळे दाखव म्हणू शकत होती. एका मिनिटाचं काम होतं. मी नाही केलं. तुह्या फोटोनं फक्त मले आळस करू दिला." मग म्हणाल्या, "पण तू सांगितलं. नसतं सांगितलं तर मी रिटायर होईपर्यंत कोण्या बाळाकडं भरोशानं पाह्यलं नसतं. हा फोटो मी ठेवतो."

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या महिन्यातल्या तीन बाळांचे फोटो रद्द झाले. एका बाईनं कारण सांगितलं, दोघींनी सांगितलं नाही. धम्मशीलानं स्वतःही बाळांचं काम दोन महिने बंद ठेवलं. लग्नं होती, शाळांची ओळखपत्रं होती. नवऱ्यानं, चंद्रशेखरनं, एकदाच विचारलं, "सांगायची गरज होती का?" ती हो म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शेगावची एक बाई तिच्याकडं आली, सहा दिवसांच्या मुलीचे फोटो हवेत म्हणून. धम्मशीला नाही म्हणणार होती. मग तिनं त्या बाईला समोर बसवून सांगितलं की आधी एक फोटो काढीन, तो काहीच न करता तुमच्यासमोर उघडीन, तुम्ही पाहा, डॉक्टरला पाठवा, मग बाकीचे. बाई थोडी चक्रावली, पण तयार झाली. त्या मुलीला काही नव्हतं. तरी तिचे फोटो सुधारताना धम्मशीलाचा हात कातडीवर जायला धजला नाही. थोडा लालसरपणा, नाकावरचे पांढरे ठिपके, सगळं तसंच राहिलं. बाईला फोटो फारसे आवडले नाहीत.

एप्रिलमध्ये एका दुपारी सिंधूताईंचा फोन आला.

"काल अकोल्याले नेलं होतं प्रज्वलले," त्या म्हणाल्या. "कानाची तपासणी झाली. दोन्ही कान चांगले आहेत. वर्षाचा झाला की एकदा अजून करायची, पण डॉक्टर म्हणे भिण्याचं काही नाही."

धम्मशीला खाली बसली.

"ऐकून राह्यली ना?"

"हाव ताई. वैष्णवीताईनं सांगायले लावलं का तुम्हाले?"

"नाही. मीच केला फोन. ती तुह्यं नाव काढत नाही. पुढं बी काढन असं वाटत नाही. तिचं चूक नाही त्याच्यात. तू तिले फोन करू नको."

"नाही करणार."

"मी बाळाले घेतलं काल. तपासणीले मीच घेऊन बसली होती मांडीवर. घंटी वाजवली तसं त्यानं मान वळवली." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

धम्मशीलाला वाटलं होतं, ही बातमी आली की छातीवरचं उतरेल. बाळाला ऐकू येत होतं, याचा आनंद तिला झालाच, डोळ्यांत पाणीही आलं. पण त्यात तिचं काही नव्हतं. रक्त बदलावं लागलं नाही ते डॉक्टरांमुळे, शनिवारी सकाळी बाळ उठत नाही हे लक्षात आलं ते वैष्णवीमुळे. आणखी एक दिवस उशीर होऊन बाळाचे कान गेले असते, तरी तिनं तोच बदाम पाठवलेला असता.

बाहेर पासपोर्ट फोटोसाठी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे होते. तिनं तोंड धुतलं आणि त्यांना आत बोलावलं.